ल्युक्रेशिया मॉट यांची १८४० ची रोजनिशी वाचताय? या चुका टाळा

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सज्जनांना अर्पण केली, ते कोण होते याचा शोध घेऊ लागलं की वाट आपोआप फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींकडे वळते. तिथं भेटतात ल्युक्रेशिया मॉट. १७९३ मध्ये नॅनटकेट बेटावर एका जहाजाच्या कप्तानाच्या घरी जन्म, १८२१ मध्ये क्वेकर पंथाची उपदेशक म्हणून मान्यता, १८३३ मध्ये फिलाडेल्फियातली स्त्रियांची गुलामीविरोधी संस्था उभारण्यात पुढाकार. १८४० च्या जूनमध्ये लंडनला गुलामीविरोधी जागतिक अधिवेशन भरलं. त्याला त्या अमेरिकेच्या प्रतिनिधी म्हणून गेल्या आणि केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रतिनिधीची जागा नाकारली गेली. त्या प्रवासात त्यांनी ठेवलेली रोजनिशी आज आपल्याला वाचता येते.

एवढं ऐकल्यावर माणूस ती हौसेनं उघडतो आणि थोड्याच पानांत मिटून ठेवतो. त्रोटक नोंदी, नावांची आद्याक्षरं, कोण कुणाकडे न्याहारीला आलं आणि कोण चहाला थांबलं याच्या याद्या. विद्यार्थ्यांबरोबर आणि भाषांतर करणाऱ्या मैत्रिणींबरोबर ही रोजनिशी वाचताना मला एक दिसलं, की वाचणारा अडतो तो ठरावीक जागीच, आणि अडल्यावर चुकतोही ठरावीक पद्धतीनं. यातल्या काही चुका छापील लेखांतही जाऊन बसल्या आहेत.

तारीख आणि वार जुळत नाहीत

सगळ्यात आधी येणारी आणि सगळ्यात लवकर सुटणारी अडचण. महिन्यांची आणि वारांची रूढ इंग्रजी नावं जुन्या परक्या देवतांवरून आलेली, म्हणून क्वेकर ती वापरत नसत. त्यांचा कारभार सगळा आकड्यांचा. जानेवारी हा पहिला महिना आणि रविवार हा पहिला दिवस. आपण आठवडा सोमवारपासून मोजायला बसलो की प्रत्येक वार एकानं चुकतो. अधिवेशन सुरू झालं १२ जून १८४० ला, शुक्रवारी. क्वेकर हिशेबानं महिना सहावा आणि वारही सहावाच, त्यामुळे घाईत वाचणारा हमखास फसतो.

याच सवयीनं तुम्ही अठराव्या शतकातल्या क्वेकर कागदांकडे गेलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १७५२ पूर्वी इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत वर्षाची सुरुवात मार्चमध्ये धरत, तेव्हा पहिला महिना मार्च आणि सहावा ऑगस्ट. मॉटबाईंच्या काळात हा घोळ संपला होता. तरी आजीच्या आणि नातीच्या पिढीचे कागद शेजारी ठेवून वाचणाऱ्यांनी प्रत्येक तारीख लिहून घेताना महिन्याचं नाव बाजूला टिपून ठेवावं.

‘या बाई मनातलं काहीच लिहीत नाहीत’

ही तक्रार मी फार वेळा ऐकते. तिचं कारण रोजनिशीत नसून आपण काय अपेक्षा घेऊन बसलो त्यात आहे. क्वेकर रोजनिशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अठराव्या शतकातला अमेरिकी क्वेकर उपदेशक जॉन वुलमन याची रोजनिशी येते. वुलमन १७७२ मध्ये वारला आणि त्याचं लेखन १७७४ मध्ये छापून आलं. त्यात आत्म्याचा प्रवास आहे, अंतःकरणाची झडती आहे. साउथ कॅरोलायनातल्या गुलाममालक घरातून बाहेर पडून क्वेकर झालेल्या सेरा आणि अँजेलिना ग्रिमके या बहिणींच्या रोजनिश्याही अशाच, देवापुढे स्वतःला उलगडून ठेवणाऱ्या. मॉटबाईंची वही त्या जातीची नाही. प्रवासातल्या बाईनं दिवसाअखेर घाईघाईनं केलेली ती टिपणं आहेत, घरी परतल्यावर बोलायला आणि पत्रं लिहायला उपयोगी पडावीत अशी.

म्हणून भावना शोधायची ती विशेषणांत शोधू नये, वाक्याच्या कडेला शोधावी. अधिवेशनाची नोंद करताना त्या ‘जागतिक अधिवेशन’ असं लिहितात आणि लगेच त्याचं दुसरं नाव जोडतात: ब्रिटिश अँड फॉरिन अँटी-स्लेव्हरी सोसायटीची परिषद, आणि तिनं आपल्या पसंतीनं बोलावलेले पाहुणे. बस्स. जगाच्या नावानं बोलावून जगातल्या अर्ध्या माणसांना दाराशी थांबवणाऱ्यांबद्दल त्यांना काय वाटलं, ते या जोडवाक्यात सगळं आलं. दोनच वर्षांपूर्वी, मे १८३८ मध्ये, फिलाडेल्फियात गुलामीविरोधकांनी बांधलेलं पेनसिल्व्हेनिया हॉल उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी जमावानं जाळलं होतं आणि तोच जमाव मॉट यांच्या घराकडे निघाला होता. असं पाहिलेली बाई लंडनच्या सभ्य नकारावर पानं भरून लिहील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

प्रत्येक अपमान स्त्री म्हणून झाला असं धरून चालणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लंडनमध्ये मॉटबाईंना थंड वागणूक मिळाली, टाळलं गेलं, बोलू दिलं गेलं नाही, हे रोजनिशीत जागोजागी दिसतं. वाचणारा प्रत्येक वेळी एकच कारण लावतो. प्रत्यक्षात तिथं तीन वेगवेगळ्या भिंती होत्या आणि कुठल्या नोंदीत कुठली भिंत आडवी आली हे दर वेळी तपासावं लागतं.

पहिली भिंत अर्थातच स्त्री-पुरुष भेदाची. मॉट, सेरा प्यू, मेरी ग्रू, अ‍ॅबी किंबर, एलिझाबेथ नील या फिलाडेल्फियाकडच्या स्त्रिया रीतसर अधिकारपत्रं घेऊन गेल्या होत्या. अधिवेशनाच्या आधीच जोसेफ स्टर्ज आणि इतर आयोजक त्यांना भेटून हट्ट सोडण्याची विनवणी करत होते. पहिल्या दिवशी वेंडेल फिलिप्स या अमेरिकी प्रतिनिधीनं स्त्री प्रतिनिधींना घ्यावं असा ठराव मांडला, वाद झाला आणि ठराव प्रचंड बहुमतानं पडला. स्त्रियांना कठड्यापलीकडे प्रेक्षक म्हणून बसवण्यात आलं.

दुसरी भिंत पंथाच्या आतली. १८२७ मध्ये फिलाडेल्फियाच्या क्वेकरांत फूट पडली होती. लाँग आयलंडचा वृद्ध उपदेशक एलायस हिक्स बायबलच्या शब्दापेक्षा माणसाच्या आतल्या प्रकाशाला वरचं स्थान देत होता. त्याच्या बाजूचे ते हिक्साइट, उरलेले ऑर्थोडॉक्स. मॉट पतिपत्नी हिक्साइटांकडे गेली. इंग्लंडमधले क्वेकर ऑर्थोडॉक्सांनाच खरे मानत आणि हिक्साइटांना नास्तिकांच्या पंगतीला बसवत. तेव्हा एखाद्या क्वेकर घरातला चहा कडू झाला असेल, किंवा ‘या बाई आमच्या पंथबंधनातल्या नाहीत’ असं कुणी मुद्दाम जाहीर केलं असेल, तर तिथं स्त्री-प्रश्न कारण नसतो. तिथं कारण १८२७ ची फूट असते. त्याच इंग्लिश क्वेकरांत स्त्री उपदेशकांना मान होता आणि तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय तर देशभर पूजली जात होती.

या दुसऱ्या भिंतीचा पुरावा दुसऱ्याच एका रोजनिशीत आहे. चित्रकार बेंजामिन हेडन त्या अधिवेशनाचं भव्य चित्र काढत होता. २९ जूनला मॉटबाई त्याच्यापुढे रेखाटनासाठी बसल्या. हेडननं त्या दिवशी आपल्या वहीत लिहून ठेवलं, की हिच्या डोक्यात धर्मविरोधी कल्पना आहेत असं मला आढळलं, तेव्हा आधी ठरवलेली ठळक जागा हिला द्यायची नाही. ते चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. त्यात मॉटबाई मागच्या गर्दीत आहेत.

तिसरी भिंत अमेरिकी चळवळीतल्या भांडणाची. मे १८४० मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटीच्या वार्षिक सभेत अ‍ॅबी केली या क्वेकर तरुणीला कामकाज समितीवर नेमलं आणि संस्था दुभंगली. स्त्रियांना समितीवर घ्यावं म्हणणारा विल्यम लॉइड गॅरिसनचा गट एकीकडे, बाहेर पडलेले दुसरीकडे. आता तारीख पाहा. मॉट मंडळी ७ मेला ‘रॉस्को’ जहाजानं न्यूयॉर्कहून निघाली होती. फूट पडली तेव्हा ती अटलांटिकवर होती. म्हणजे रोजनिशीच्या आरंभीच्या पानांवर त्या फुटीचं सावट शोधण्यात अर्थ नाही, त्यांना ती ठाऊकच नव्हती. गॅरिसन त्या सभेसाठी थांबल्यानं लंडनला उशिरा पोचला आणि बायकांना बाहेर ठेवलेल्या सभेत मी बसणार नाही म्हणून सज्ज्यात जाऊन बसला. आयोजकांची सहानुभूती बाहेर पडलेल्या गटाकडे होती, आणि मॉटबाई गॅरिसनच्या बाजूच्या. हाही राग त्यांच्यावर निघाला.

एखाद्या नोंदीवर अडलात तर तीन प्रश्न विचारा. समोरचा माणूस क्वेकर आहे का? असेल तर कुठल्या बाजूचा? आणि अमेरिकेतल्या फुटीत तो कुणाच्या पाठीशी होता? बहुतेक गाठी इथंच सुटतात.

सगळे क्वेकर एका बाजूला उभे करणं

वरच्या चुकीची ही धाकटी बहीण. क्वेकर म्हणजे गुलामीविरोधी, क्वेकर म्हणजे स्त्री-पुरुष समता, असं समीकरण शाळेपासून डोक्यात असतं. खरी हकीकत अशी, की क्वेकरांच्याच घरी गुलाम होते आणि गुलाम न सोडणाऱ्यांना पंथाबाहेर काढण्याचा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनं १७७६ मध्ये घेतला. त्याला आधी कित्येक वर्षांची आर्जवं आणि भांडणं लागली. त्यानंतरही प्रार्थनागृहात काळ्या लोकांसाठी वेगळा बाक असे. सेरा मॅप्स डग्लस या काळ्या शिक्षिकेनं त्या बाकाची वेदना लिहून ठेवली आहे. पंथाबाहेरच्या लोकांबरोबर चळवळी करणं अनेक वडीलधाऱ्यांना पसंत नव्हतं. आयझॅक हॉपरसारख्या, पळून आलेल्या गुलामांना आयुष्यभर आसरा देणाऱ्या माणसाला न्यूयॉर्कच्या हिक्साइट सभेनं १८४१ मध्ये काढून टाकलं. मॉटबाईंनाही स्वतःच्याच पंथातल्या लोकांचा विरोध होता.

स्त्रियांचं तसंच. पुरोहित नाही, कुणालाही अंतःप्रेरणा झाली की उठून बोलावं, त्यामुळे स्त्रीला उपदेशाचा हक्क होता. कारभाराच्या सभा मात्र बायकांच्या वेगळ्या आणि अधिकार कमी. मॉटबाई तरुणपणी नाइन पार्टनर्स या क्वेकर शाळेत शिकवत, तिथं बाईला पुरुष शिक्षकाच्या निम्म्याहून कमी पगार मिळे. हे वास्तव त्यांनी पंथाच्या आतच पाहिलं. आणि तरीही याच फिलाडेल्फियात क्वेकर सुधारकांच्या पुढाकारानं १८५० मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये तिथूनच डॉक्टर झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाचताना दोन्ही हाताशी असू द्याव्यात.

‘त्याला सांगण्यात आलं’: कुणी सांगितलं?

या रोजनिशीतला एक उतारा फार गाजलेला आहे आणि तोच फार निष्काळजीपणे वापरला जातो. अधिवेशनाच्या सुमारास पुरुष प्रतिनिधी या स्त्रियांना समजवायला येत. प्रेस्कॉड नावाचा वेस्ट इंडीजचा काळा प्रतिनिधी म्हणाला, की स्त्रियांना घेतलं तर अधिवेशनाची प्रतिष्ठा कमी होईल आणि लोक हसतील. त्याला सांगण्यात आलं, की पेनसिल्व्हेनियात काळ्या लोकांना आमच्या सभांतून वगळण्यासाठी हीच कारणं पुढे केली जात. मग बॉस्टनचा बॅप्टिस्ट पाद्री कॉल्व्हर म्हणाला, की बायकांची घडणच सार्वजनिक सभेच्या कामाला योग्य नाही. त्याला सांगण्यात आलं, की काळा माणूस गोऱ्यात मिसळायला घडणीनंच अयोग्य आहे असंही म्हणतातच. कॉल्व्हर रागानं निघून गेला.

हा प्रसंग सांगताना बहुतेक जण लिहितात, ‘ल्युक्रेशिया मॉट कडाडल्या’. रोजनिशीत तसं नाही. तिथं बोलणाऱ्याचं नाव नाही. खोलीत त्यांच्याखेरीज इतरही तयारीच्या स्त्रिया असत. उत्तर मॉटबाईंचं असेल, सेरा प्यू यांचं असेल, दोघीतिघींनी मिळून दिलेलं असेल. युक्तिवाद मॉटबाईंच्या धाटणीचा आहे हे मला मान्य आहे, पण आपण लिहिताना ‘रोजनिशीत नोंद आहे, की त्याला असं उत्तर मिळालं’ इथंच थांबावं. त्यानं प्रसंगाची धार कमी होत नाही. उलट एकटी नायिका उभी करण्याच्या नादात खोलीतल्या बाकीच्या जणी पुसल्या जात नाहीत.

याच उताऱ्यात दुसरा खड्डा आहे. मॉटबाईंनी प्रेस्कॉडला जमैकाचा म्हटलं आहे. सॅम्युअल जॅकमन प्रेस्कॉड बार्बाडोसचा होता. लिहिणारी व्यक्ती तिथं हजर होती म्हणून तिचा प्रत्येक तपशील बरोबर, असं मानू नका. मूळ मजकूर तसाच ठेवा आणि दुरुस्ती स्वतःच्या वाक्यात, वेगळी करा.

एकच नाव, दोन माणसं

रोजनिशीत माणसं आडनावानं किंवा आद्याक्षरांनी येतात आणि एलिझाबेथ तर पावलोपावली भेटतात: फ्राय, नील, डार्लिंग्टनच्या पीज, आणि मधुचंद्राला आलेल्या चोवीस वर्षांच्या एलिझाबेथ केडी स्टँटन. पण खरी फसगत वेगळीकडे होते. ‘ग्रू’ एवढंच दिसलं तर सावध व्हा. मेरी ग्रू प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या आणि त्यांचे वडील रेव्हरंड हेन्री ग्रू त्याच अधिवेशनात स्त्रियांना जागा देण्याच्या विरोधात बोलले. बाप-लेकीची अदलाबदल झाली की वादच उलटा होतो.

तसंच अ‍ॅडम आणि अ‍ॅडम्स. विल्यम अ‍ॅडम हे पूर्वी कलकत्त्यात असलेले, राममोहन रॉय यांचे स्नेही आणि बंगालच्या देशी शिक्षणावर अहवाल लिहिणारे गृहस्थ. स्त्रियांची अधिकारपत्रं चालत नसतील तर माझंही चालत नाही, कारण तेही तिथूनच आलंय, असं ते सभेत म्हणाले. गॅरिसनबरोबर सज्ज्यात बसले ते ऱ्होड आयलंडचे विल्यम अ‍ॅडम्स. जॉर्ज थॉम्पसन हे नाव आलं तर मराठी वाचकानं क्षणभर थांबावं. गॅरिसनचे मित्र असलेले हे ब्रिटिश वक्ते पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे सातारच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडत होते, आणि महाराजांचे वकील रंगो बापूजी त्या काळात लंडनमध्येच ठाण मांडून होते.

सेनेका फॉल्सची प्रतिज्ञा सापडत नाही

ती सापडणार नाही, कारण ती रोजनिशीत नाही. स्त्री-हक्कांची पहिली परिषद १९ आणि २० जुलै १८४८ ला न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला भरली. तिची कल्पना १८४० मध्येच लंडनच्या रस्त्यावर मॉट आणि स्टँटन यांनी हातात हात घालून चालताना ठरवली, ही हकीकत सगळीकडे सांगितली जाते. ती आली १८८१ मध्ये छापलेल्या स्त्री-मताधिकाराच्या इतिहासातून, म्हणजे स्टँटन यांच्या चाळीस वर्षांनंतरच्या आठवणीतून. मॉटबाई त्याआधी, नोव्हेंबर १८८० मध्ये, वारल्या होत्या. रोजनिशीत एवढंच आहे, की एलिझाबेथ स्टँटन दिवसेंदिवस आमच्या अधिक जिव्हाळ्याची होत चालली आहे.

आणखी एक कागद आहे. १८५५ मध्ये मॉटबाईंनी स्टँटन यांनाच पत्रात लिहिलं, की अशा परिषदेचा विषय तूच काढलास, आणि तो १८४१ मध्ये आपण बॉस्टनच्या रस्त्यांवरून चालत होतो तेव्हा. तेव्हा लेखात ‘रोजनिशीत म्हटल्याप्रमाणे लंडनमध्ये ठरलं’ असं लिहिणं सरळ चूक आहे. स्टँटन यांना लंडन आठवतं, मॉट यांना बॉस्टन आठवतं, हे दोन्ही सांगा आणि कुठली आठवण किती वर्षांनंतरची तेही सांगा. रोजनिशीच्या मौनावरून ‘लंडनमध्ये असं काही बोलणंच झालं नाही’ असा निष्कर्षही काढू नका. इतक्या त्रोटक वहीत न आलेल्या गोष्टी पुष्कळ असणार.

कुठली प्रत हाती घ्यायची

इंटरनेटवर सहज मिळतात ते उतारे बहुधा मॉट यांची नात अ‍ॅना डेव्हिस हॅलोवेल यांनी १८८४ मध्ये छापलेल्या आजी-आजोबांच्या चरित्रातले असतात. नातीनं प्रेमानं काम केलं आहे, पण ते निवडक उतारे आहेत. पूर्ण वाचन करायचं तर फ्रेडरिक टोल्स यांनी संपादित करून १९५२ मध्ये छापलेली प्रत घ्या. त्यातल्या टिपांमुळे आद्याक्षरांचा अर्धा त्रास वाचतो. मॉट यांचे कागद पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजच्या क्वेकर ग्रंथालयात आहेत. ते कॉलेज हिक्साइटांनी काढलेलं. ऑर्थोडॉक्स बाजूचे कागद शोधायचे तर जवळच्याच हॅवरफर्ड कॉलेजकडे वळा. एका ठिकाणी काही मिळालं नाही म्हणून शोध सोडणारे पाहिले की मला हळहळ वाटते, कारण हवा तो कागद पुष्कळदा दुसऱ्या कॉलेजात असतो.

अधिवेशनातल्या वादावर रोजनिशी फार थोडं बोलते. तिथं अधिवेशनाचा १८४१ मध्ये छापलेला अधिकृत वृत्तांत उघडा. त्याच वर्षी मॉटबाईंचे पती जेम्स मॉट यांनी ग्रेट ब्रिटनमधल्या तीन महिन्यांवर छोटं पुस्तक छापलं, तेही शेजारी ठेवा. आधी वृत्तांतातला १२ जूनचा दिवस वाचा, मग जेम्स यांचं पुस्तक, आणि त्यानंतर रोजनिशीतली त्याच दिवसाची नोंद. आधी कोरड्या वाटलेल्या ओळीत कोण कुणाबद्दल बोलतंय, ते मग कळायला लागतं.